दुर्बिणीवरच्या वायरी

२२ जानेवारी २०२५, बुधवार
अमावास्या २९ला. आकाशाच्या फोटोंसाठी शनिवारची रात्र वेल्ह्याला काढायची ठरली. संध्याकाळी तापकीर गल्लीत केबल बघायला गेलो. दुकानदाराने दहा मीटरची यूएसबी पुढे केली. "बिनधास्त न्या हो, चालते!" यूएसबी २.०ला पाच मीटरच्या पुढे भरवसा नाही, ३.०ला तर व्यवहारात तीनच. आखूड चांगल्या घेऊन आलो.

२४ जानेवारी, शुक्रवार
गच्चीवर जोडणी. मुख्य कॅमेरा, ताऱ्याचा माग ठेवणारा गायडिंगचा कॅमेरा, फोकसर, फिल्टर व्हील, दुर्बीण फिरवणारं माउंट: प्रत्येकाची वायर लॅपटॉपपर्यंत आणली की जत्रेतला मांडव होतो. त्यामुळे यूएसबी हब दुर्बिणीच्या नळीवरच बसवला, बारा व्होल्टवर चालणारा. लॅपटॉपच्या २.०च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, त्यात एवढा गोतावळा कसा पोसणार? कॅमेऱ्याच्या कूलरला वेगळी बारा व्होल्टची लाइन. खाली उतरतात त्या यूएसबीची एक आणि बॅटरीच्या दोन वायरी.

हबचं प्रत्येक पोर्ट आणि त्याची पिन घरातल्या नेलपॉलिशने एकाच रंगात रंगवली. माउंटची वायर दुसऱ्या पोर्टात गेली की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देऊ शकतं, आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरावर हाका मारत बसतं. यूएसबीची वीज वाचवण्याची सोयही बंद केली; मध्यरात्री असली काटकसर नको.

मित्राचा हट्ट, सगळं ३.०च हवं. २६ मेगापिक्सेलची १६ बिटची एक फ्रेम साधारण ५२ एमबी. २.०वरून ती दीड-दोन सेकंदांत उतरते, आणि एक्सपोजर असतं पाच मिनिटांचं! कसली घाई? मंगळ, गुरूचा व्हिडिओ घ्यायचा तर गोष्ट वेगळी, तिथे ३.०च. शिवाय यूएसबी ३.० हे २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट करतं. वायफाय आणि वायरलेस माउस दोन्ही रुसतात.

२५ जानेवारी, शनिवार, रात्र
वेल्ह्याजवळचं शेत. दहाच्या सुमारास मृगातला तेजोमेघ याम्योत्तर ओलांडतो, तेव्हा माउंट नळी दुसऱ्या बाजूला उलटवतं, ही त्याची कोलांटी. लाल बॅटरी घेऊन शेजारी उभा राहिलो. नळी फिरली, फोकसरची वायर माउंटच्या नॉबला अडकली, ताणली, आणि गायडिंगचा आलेख जागच्या जागी थिजला. अडकलेली वायर ओढत होती हबलाच. शेजारची गायडिंगची पिन अर्धी बाहेर. आता सगळ्या वायरी नळी धरणाऱ्या सॅडलला वेल्क्रोने बांधल्या आहेत. ओढ बसली तर पट्ट्याला बसेल, पिनेला नाही. केबलची खरी परीक्षा तापकीर गल्लीत नव्हे, या कोलांटीत.

२६ जानेवारी, रविवार
खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरवरून येतात. आम्ही पाच मीटरांत घायकुतीला येतो.

दुपारी मित्राचा फोन. "माउंटच सापडत नाही रे लॅपटॉपला!"
"पोर्ट बदललंस?"
"तेवढंच."