सिझेरियन आणि नातवाची धाप

नातवाची छाती वाजू लागली की घरी येणारी प्रत्येक बाई माझ्या सुनेला विचारते, "सिझर झालं होतं ना?" बेळगावच्या पावसाळ्यात हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. सून गप्प बसते. मूल पोटात आडवं होतं, तिने करायचं तरी काय होतं?

प्रश्न अगदीच खुळा नाही म्हणा. नेहमीच्या बाळंतपणात मूल आईच्या अंगचे जीवाणू घेऊन बाहेर येतं. २०१० साली व्हेनेझुएलातल्या नवजात बाळांची तपासणी झाली, तेव्हा सिझेरियनच्या बाळांवर त्याऐवजी कातडीवरचे जीवाणू सापडले. आपलं कोण, परकं कोण हे शरीर या पहिल्या पाहुण्यांकडून शिकतं, असं शास्त्रज्ञ मानतात. डेन्मार्कमधल्या सुमारे १९ लाख मुलांच्या नोंदी पाहिल्या तेव्हाही (२०१५) सिझेरियनच्या मुलांत दमा थोडा जास्त निघाला.

थोडा म्हणजे किती, हे मात्र कोणी विचारत नाही. अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला आकडा साधारण वीस टक्क्यांचा. शंभरांत दहा मुलांना दमा होत असेल, तर सिझेरियनच्या शंभरांत बारांना. म्हणजे त्या बारांतल्या दहांना तो तसाही झालाच असता! स्वीडनमध्ये तर २०१२ साली सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा आधी ठरवून केलेल्या सिझेरियनचा संबंध उरलाच नाही. दोष बाळंतपणापेक्षा घराण्यातल्या दम्याकडे अधिक जातो. आमच्याकडे तो माझ्या सासऱ्यांपासून आहे.

कोपनहेगनच्या २०२० सालच्या पाहणीने मला धीर आला. सिझेरियनच्या ज्या मुलांच्या आतड्यातले जीवाणू वर्षभरात इतर मुलांसारखे झाले, त्यांच्यात दम्याचा जादा धोका दिसला नाही.

म्हणून सुनेने अंगावरचं दूध नेटाने पाजलं. बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-शेपाची धुरी मी बंद ठेवली. वन्संना ते रुचलं नाही, पण धूर तो धूरच. यांची सिगारेट मात्र गॅलरीपलीकडे जायला तीन महिने लागले. त्या सिगारेटबद्दल एकाही पाहुणीने कधी विचारलं नाही.

आता पंपावरून बोलणी चालू आहेत. सवय लागेल म्हणे! पंपाचं औषध थेट फुप्फुसात उतरतं, म्हणून गोळी-पातळ औषधापेक्षा ते कितीतरी कमी लागतं.