पिळलेल्या स्पंजाचं पाणी

"दादा, पाणी दुधासारखं झालंय. कुठलं औषध टाकू?"

सीबीडी बेलापुरात लोकांचे फिश टँक सांभाळायला लागून मला 22 वर्षं झाली. पत्र्याच्या टँकांच्या जागी काचेचे आले, गोल्डफिशच्या जागी फ्लॉवरहॉर्न आले, हा प्रश्न मात्र तसाच आहे. टँकमध्ये जे जे पडतं त्याला आपल्याकडे औषध म्हणतात. मीठ औषध, अँटीक्लोरीन औषध, निळी बाटली तर औषधच. आणि औषध म्हटलं की पाणी आजारी असणार हे ओघानं आलंच.

या वेळी फोन होता आर्टिस्ट व्हिलेजमधल्या काकूंचा. चार्ल्स कोरियांनी ही वसाहत आखताना सात-सात घरं एकेका चौकाभोवती बसवली. त्यामुळे एका घरात मासा वर येऊन तोंड उघडायला लागला की उरलेल्या सहा घरांतून सल्ले येतात. नातवासाठी आठच दिवसांपूर्वी आणलेला दोन फुटी टँक, त्यात चार गोल्डफिश, आणि शेजारी देव्हाऱ्यात मांडाव्यात तशा ओळीनं चार बाटल्या आणि एक पाकीट. टँक दुसऱ्या कुणाकडून घेतलेला होता, हे सांगताना काकू जरा ओशाळल्या.

मासे पाण्याच्या वरच्या थराला चिकटून होते. मी टेस्ट किट काढली. अमोनिया हिरव्या रंगाच्या बऱ्याच वरच्या पट्टीला. त्याचं नवल नाही, नव्या टँकमध्ये तो असणारच. नवल वाटलं पीएचचं. आमच्या नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणी मऊ, माझ्या टेस्टमध्ये सहसा सातच्या आसपास दाखवतं. इथे 8 होता.

"या पिवळ्या बाटलीतलं टाकलंत?"

"त्यावर लिहिलंय ना, आदर्श पीएच. सकाळ-संध्याकाळ टाकतेय."

अमोनियाची गंमत अशी की पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं विषारी. पीएच 7 आणि पाणी 25 अंशांवर असेल तर विषारी हिस्सा अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे काकूंनी मोठ्या मायेनं, दिवसातून दोनदा, माशांचं विष दसपट करून ठेवलं होतं. बाटलीनं शब्द पाळला होता, पीएच वाढवला होता. आदर्श कुणासाठी, एवढंच लिहिलं नव्हतं.

बाकीच्या बाटल्या मी खिडकीशी नेऊन वाचल्या. ही माझी जुनी खोड आहे, लोक वर्तमानपत्र वाचतात तशी मी लेबलं वाचतो. अँटीक्लोरीन खरी होती. आत सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपो. एक भाग क्लोरीन घालवायला साधारण सात भाग हायपो पुरतो. एक किलो स्फटिक आणले तर नळाचं लाखभर लिटर पाणी निघतं. पण लाखभर लिटरांचा माल शंभर मिलिलिटरच्या बाटलीतून विकायचा तर नुसतं 'क्लोरीन घालवते' लिहून भागत नाही. म्हणून खाली होतं: ताण कमी करते, खवल्यांना चमक आणते. हायपोच्या हातून यातलं काही होत नाही.

दुसऱ्या बाटलीत म्हणे झाडांसाठी द्रवरूप कार्बन. हिची ओळख मला एका डेंटिस्टनं करून दिली. त्यांच्या क्लिनिकमधल्या टँकमध्ये मी ते ओतत होतो. वास आला तसे ते खुर्चीवरच्या पेशंटला सोडून उठले. "अहो, हे तर ग्लुटारल्डिहाइड! यात आम्ही औजारं बुडवायचो." ते जंतुनाशक शेवाळं मारतं, शेवाळं गेलं की पानं हिरवी दिसतात, आणि आपण समजतो झाडं कार्बन खाऊन माजली. त्या टँकमधली वॅलिस्नेरिया आठवड्यात विरघळली, तेव्हा मलाही पटलं. बदामाच्या वाळक्या पानांच्या पाकिटाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. पानांतून टॅनिन उतरतं, पाणी चहासारखं होतं, बेटा माशाला ते मानवतं. फक्त तीच पानं बाहेर रस्त्यावर झाडूवाल्या मावशी रोज ढिगानं गोळा करतात.

चौथी बाटली जिवाणूंची. 'टँक त्याच दिवशी तयार, पाणी 72 तासांत काचेसारखं.' या बाटलीशी माझं जुनं नातं आहे, कारण पहिली सात-आठ वर्षं ती मीही विकली. तिच्यातली कमाई माशांतल्या कमाईपेक्षा चांगली. शिवाय बाटली मरत नाही, मासा मरतो.

नव्या टँकचं पाणी पांढुरकं होतं ते अन्नावर वाढणाऱ्या भलत्याच जिवाणूंमुळे, आणि काही न करता ते बहुधा आठवडाभरात निवळतं. माणूस बाटली आणतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी, अगदी जीव मेटाकुटीला आल्यावर. तिथून 72 तास मोजा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला याहून पक्की गाठ कुणी घालू शकणार नाही.

अमोनिया खाणारे जीव वेगळे. ते सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला बऱ्याचदा दिवसभर घेतात, आणि बीजाणू करून झोपी जाणं त्यांना जमत नाही. वर्षानुवर्षं फडताळावर टिकतात ते बॅसिलससारखे, बीजाणू करणारे. गाळ खायला ते बरे, पण टँक तयार करायला नाहीत. अमोनियाचं त्यांनी केलेलं नायट्राइट पुढे दुसरे जीव खातात, आणि त्यांच्यासाठी लेबलांवर अजून नायट्रोबॅक्टरचं नाव झळकतं. खरं तर संशोधक होवानेक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्येच दाखवलं होतं की गोड्या पाण्याच्या टँकमधला नायट्राइट खाणारा जीव नायट्रोस्पायरा आहे. पुढे 2015 मध्ये कळलं की काही नायट्रोस्पायरा अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्यानं करतात, आणि त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधल्या जिवांवरच लागला. हे खरे जीव भरलेल्या बाटल्याही मिळतात, थंडाव्यात जपल्या तर कामही करतात. मे महिन्यात टेम्पोतून आलेल्या आणि दुकानाच्या काचेत उन्हाला मांडलेल्या बाटलीकडून मी ती आशा ठेवत नाही.

विकणं सोडलं ते तीन टबांमुळे. गॅलरीत वीस-वीस लिटरचे टब मांडले, तिन्हींत सारखा अमोनिया घातला. एकात बाटली, दुसऱ्यात काही नाही, तिसऱ्यात घरच्या जुन्या टँकच्या फिल्टरचा, अमोनिया खाणारे जीव साठलेला स्पंज पिळला. बाटलीचा टब 29 दिवसांनी शून्यावर आला, रिकामा 31 दिवसांनी, स्पंजाचा चौथ्या दिवशी. तीन टबांनी शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण त्यानंतर बाटली हातात देताना ग्राहकाच्या डोळ्याला डोळा देता येईना.

एका वकील ग्राहकाला मी तावातावानं हे सांगितलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, ते म्हणाले. मग दुसऱ्या एका बाटलीचं लेबल चष्म्याजवळ धरलं. 'नैसर्गिक समतोल राखण्यास साहाय्यक.' हसून म्हणाले, "यात खोटं काय पकडणार? हे आमच्यातल्याच कुणीतरी लिहिलंय."

काकूंच्या टँकचं अर्धं पाणी मी बदललं, पिवळी बाटली बंद करायला लावली, तीन दिवस खाणं तोडलं. दुसऱ्या दिवशी डब्यातून घरचा स्पंज घेऊन गेलो. तपकिरी पाणी बघून काकू दोन पावलं मागे सरल्या. "ही घाण माझ्या टँकात?" नातवानं नाक धरलं. मी डबा बंद करून परत आलो.

रात्री एक रिकामी बाटली विसळली. लेबल मुद्दाम काढलं नाही. सकाळी स्पंज पिळून पाणी तिच्यात भरलं आणि तासाभरात काकूंच्या दारात उभा राहिलो. "हे मिळालं. थोडं गढूळ असतं, हलवून टाकायचं." त्यांनी स्वतःच्या हातानं, माप बघून, फिल्टरच्या तोंडाशी ओतलं.

सहाव्या दिवशी अमोनिया उतरला. चारही मासे खाली, खडे चघळत होते.

"गुणाचं निघालं हो तुमचं औषध," काकू म्हणाल्या. "शेजारणीलाही हवंय. कितीला पडतं?"

"तुमच्याकडून काही नको."

"असं नाही चालायचं. फुकटच्याचा गुण येत नाही."

दीडशे रुपये घेतले.