गुरुवार आणि रविवार

आमच्या पट्ट्यातल्या मुलांना महत्त्वाचे वार दोनच. शाळेचा रविवार आणि बाबांचा गुरुवार. भोसरी, पिंपरी, चाकण इथल्या कितीतरी लहानमोठ्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेवर एकाच दिवशी सगळा भार पडू नये म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत शनिवार-रविवार पाळतही असतील. पण त्यांना पत्र्याचे, रबराचे, प्लॅस्टिकचे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये गुरुवारच चालतो. वीजवाल्यांची दुरुस्तीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. म्हणजे बाबा घरी आणि पंखा बंद. अशा वेळी घराबाहेर पडण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

औसा तालुक्यातलं आमचं बिऱ्हाड निगडीच्या यमुनानगरात आलं, तेव्हा मुलं अगदी लहान होती. औसा आणि निगडी एकाच राज्यात, भाषा एकच, देव तेच. तरीही लेकुरवाळ्या बाईला हा परमुलूखच. गावाकडे मूल एकट्या आईचं कधी नसतं. सकाळी ते चुलतीच्या ओट्यावर असतं, दुपारी आजीच्या मांडीवर, संध्याकाळी कुणाच्या तरी खांद्यावरून घरी येतं. इथे दार लावलं की मूल आणि मी. बाप फर्स्ट शिफ्टला असला तर ते उठायच्या आत कंपनीची बस गाठतो. सेकंडला असला तर ते झोपल्यावर परततो. नाइटच्या आठवड्यात तो घरात असतो, पण झोपलेला. मग मुलाला दिवसभर ‘हळू बोल, बाबा झोपलेत’ एवढंच ऐकू येतं.

म्हणून गुरुवारी शाळा सुटताना फाटकाबाहेरची गर्दी वेगळी असते. एरवी आया, रिक्षावाले काका. गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घातलेले, दाढी केलेले बाप. कुणी मोटारसायकलच्या टाकीवर जागा करून उभा, कुणी पाण्याची बाटली घेऊन. कुणी नांदेडचा, कुणी चाळीसगावचा, कुणी बिहारमधल्या छपऱ्याचा. तिथून गाड्या निघतात त्या दुर्गा टेकडीकडे, अप्पूघराकडे, नाहीतर भक्ती-शक्तीच्या हिरवळीवर. तिथे तुकोबा आणि शिवाजी महाराजांची भेट शिल्पात उभी आहे आणि १०७ मीटर उंचीच्या खांबावर तिरंगा. मुलं दोन्हींखाली सारख्याच भक्तीने पळापळी खेळतात.

चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये एक गंमत बघायला मिळते. बाकीच्या दालनांत मुलं पुढे आणि बाप मागे असतात. वाहनांच्या दालनात मात्र बाप पुढे होतो. कंपनीत तो दिवसभर एकच ब्रॅकेट प्रेसखाली ठेवतो आणि उचलतो. तो ब्रॅकेट गाडीत नेमका कुठे बसतो, हे मुलाला दाखवायची संधी त्याला इथेच मिळते. बाबा कंपनीत काय करतात, या प्रश्नाला मुलाकडे त्या दिवसापासून उत्तर असतं.

चाकणचं उलटं. बाप रोज चाकणला जातो, पण त्याला चाकण म्हणजे तळवडे-म्हाळुंगे मार्गावरची वाहनकोंडी. तिथे संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे तो जवळपास दोन महिने लढवला, हे मूल चौथीच्या इतिहासात वाचून बापाला सांगतं. मग एका गुरुवारी बाप स्वतःच्या कामाच्या गावी मुलाचा पाहुणा म्हणून जातो. तट आता थोडाच उरलाय. पण खंदक कुठे असेल यावर दोघांचा जो वाद होतो, तो घरी येईपर्यंत संपत नाही.

ज्येष्ठात मात्र गावच चालत येतं. देहूहून तुकोबांची पालखी निघते, ती आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. मराठवाड्याच्या दिंडीतून आलेले आजोबा रस्त्याच्या कडेला नातवाला भेटतात, कपाळाला बुक्का लावतात, आईने आणलेलं भाकरी-पिठलं खातात आणि पुढे चालू लागतात. इथली कितीतरी घरं त्या दिवसासाठी शिफ्ट बदलून घेतात.

आमची मुलं लहान होती त्याच काळात माझी धाकटी जाऊ जर्मनीत होती. दीर चाकणच्या कंपनीतून स्टुटगार्टला गेले, बरोबर ती आणि कडेवरची लेक. पहिले रविवार तिला खायला उठले. तिथे रविवारी दुकानं बंद ठेवतात, तसा कायदाच आहे. भिंतीला ड्रिल लावला तरी शेजारी दार ठोठावतात. फोनवर ती म्हणायची, “ताई, रविवारी इथं संचारबंदी असते.” मग एकदा लेकीला घेऊन खाली उतरली, तर सगळी वस्ती खेळाच्या मैदानात. वाळू, घसरगुंडी, आणि बाकावर आई आणि बाप दोघंही. पुढे त्यांचे रविवार विल्हेल्मा नावाच्या प्राणी-वनस्पती उद्यानात, जवळच्या जंगलात जाऊ लागले. भाषा येण्याआधी लेकीला झोपाळ्यावर मैत्रिणी मिळाल्या आणि त्यांच्या आयांच्या ओळखीतून जावेला डॉक्टर, बालवाडी, मेथीची भाजी मिळण्याचं ठिकाण, सगळं कळलं. सातासमुद्रापार तिचा जीव रमला, कारण मुलांना आणि बापाला एकच सुट्टी होती आणि चालत जाता येईल अशी खेळायला जागा होती.

हे आपल्याला जमलं नव्हतं असं नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा आली, मैदान आलं. त्या वसाहतीत वाढलेली माणसं आजही ‘आम्ही एचए कॉलनीतले’ असं गावाचं नाव सांगावं तसं सांगतात. पुढे १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ भारतात आली, टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात तिच्या गाड्या बनू लागल्या. परक्या देशातून येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचं काय, हा प्रश्न तिला पडला आणि १९९८ मध्ये हिंजवडीत आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. २००९ मध्ये मर्सिडीज चाकणला गेली, त्याच वर्षी फोक्सवॅगनही तिथे सुरू झाली. मागोमाग पुरवठादारांची रांग लागली आणि खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, म्हाळुंगे इथल्या शेतांत भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्या खोल्यांत औशाहून, मेहकरहून, छपऱ्याहून मुलं आली. स्टुटगार्टहून आलेल्या मुलांचा विचार ज्या जिव्हाळ्याने झाला, तो त्यांच्या वाट्याला आला नाही. ती मुलं दोन चाळींमधल्या बोळात, कंटेनर वळतात त्या रस्त्याच्या कडेला क्रिकेट खेळतात. त्यांचे बाप कंत्राटी आहेत, मुलं मात्र कायमची इथली व्हायची आहेत. माझ्या मुलांना कुणी ‘गाव कुठलं?’ विचारलं की मी औसा म्हणते आणि ती निगडी म्हणतात. तो मान निगडीला कारखान्यांनी मिळवून दिला नाही. टेकडीने, हिरवळीने आणि आकुर्डीच्या पालखीने दिला.

जमीन आखताना कारखान्यांसाठी रस्ता, वीज, पाणी आधी मोजलं जातं. त्याच नकाशावर खोल्यांच्या प्रत्येक वस्तीजवळ चालत जाता येईल असं एक मैदान, दोन झोपाळे आणि झाडाखालचा बाक नगरपरिषदेने, एमआयडीसीने, कारखानदारांनी मिळून आखायला हवा. ते होईल तेव्हा होईल. तोवर एक काम तुमच्या-माझ्या हातात आहे. रविवारी आपल्या मुलाला बागेत नेताना, ज्याचा बाप त्या दिवशी कामावर गेलाय, त्या शेजारच्या मुलालाही बरोबर घ्या.