अण्णांचा मंगळवार

परक्या भाषेचें व्याकरण पाठ करतां येतें, तिच्यांतील ग्रंथही परिश्रमानें वाचतां येतात. परंतु त्या भाषेंत हंसावयास शिकणें हें सर्वांत अवघड, असें माझे वडील नेहमीं म्हणत. हा धडा त्यांस कोणा पंडितानें दिला नव्हता. तो त्यांस लंडन शहरांतील एका वृद्ध बाईच्या रेडिओनें दिला.

आमचें घराणें अहमदनगरचें. त्यासच आतां अहिल्यानगर म्हणतात. वडिलांस आम्ही अण्णा म्हणत असूं. अध्यापनशास्त्राच्या अभ्यासासाठीं ते १९५४ सालीं विलायतेस गेले. इंग्रजी विषयांत त्यांनीं बक्षिसें मिळविलीं होतीं. त्यामुळें भाषेची अडचण पडेल असें त्यांच्या स्वप्नींही आलें नव्हतें. परंतु बसमध्यें, दुकानांत, वर्गांत लोक कशास हंसतात हें त्यांस उमगेना.

त्या हिवाळ्यांत एका मंगळवारीं त्यांस ताप भरला. घरमालकीणबाईंनीं त्यांस वरच्या थंडगार खोलींतून खालीं आणून स्वयंपाकघरांतील शेगडीजवळ बसविलें आणि कोपऱ्यांतील रेडिओची कळ फिरविली. आंतील व्हॉल्व्ह तापून आवाज येईपर्यंत थोडा वेळ जाई. मग दिवसभर तो रेडिओ बोलत राहिला.

त्या काळीं तेथील बी.बी.सी.च्या होम, लाइट आणि थर्ड अशा तीन वाहिन्या होत्या. रेडिओच्या परवान्यास वर्षाकांठीं १ पौंड पडे; जाहिरात मुळींच नसे. सकाळच्या बातम्यांनंतर गृहिणींनीं पत्रें पाठवून मागितलेलीं गाणीं लागलीं. मग 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा अर्ध्या तासाचा वाद्यसंगीताचा कार्यक्रम झाला. युद्धकाळांत, १९४० सालीं, कारखान्यांतील कामगारांचे हात चालते राहावे म्हणून तो सुरू झाला होता; बाई त्याच ठेक्यावर भांडीं घांसत होत्या. पावणेदोन वाजतां पांच वर्षांखालील बालकांसाठीं 'लिसन विथ मदर' लागला. "त्या दिवसांतला हाच एक कार्यक्रम मला पूर्णपणें समजला," असें सांगतांना अण्णांस स्वतःचेंच हंसूं येई.

पांच वाजतां मुलांचा तास, सहा वाजतां बातम्या आणि पावणेसातला 'दि आर्चर्स'. ही एका शेतकरी कुटुंबाची कथा १९५१ च्या जानेवारीपासून देशभर ऐकूं येत होती. युद्धामुळें आलेलें अन्नाचें रेशनिंग १९५४ च्या जुलैंतच संपलें होतें. शेतकऱ्यांनीं अधिक पिकवावें म्हणून गोष्टीच्या ओघांत त्यांस उपयुक्त माहिती देण्याची ही योजना होती. दुष्काळी मुलुखांत वाढलेल्या अण्णांस गुरांचीं दुखणीं आणि पावसाची काळजी नवीन नव्हती. बाईंनीं प्रथमच विचारलें, "तुमच्या घरीं गाई किती?"

साडेआठ वाजतां 'द गून शो' सुरू झाला. तीन माणसें नाना आवाज काढीत होतीं. मध्येंच स्फोट, मध्येंच धांवत्या पावलांचा आवाज, आणि श्रोत्यांचा प्रचंड हंशा. बाई तर पदराऐवजीं एप्रनानें डोळे पुसूं लागल्या. अण्णांस एक अक्षर कळेना. परंतु एकटें गप्प बसणें लाजिरवाणें वाटून तेही हंसले. मात्र क्षणभर उशिरा.

बाईंनीं तें ओळखलें. त्या म्हणाल्या, "समजलें नाहीं ना? मग उगीच हंसूं नका, मला विचारा."

तेव्हांपासून मंगळवार ठरून गेला. कार्यक्रम संपला कीं बाई चहा करीत आणि एकेक विनोद उलगडून सांगत. पुढें १९५५ च्या ऑक्टोबरांत एक भाग लागला. त्यांत नेपोलियनचा पियानो पॅरिसहून पळविण्यांत येतो आणि शेवटीं तोच समुद्रांत लोटून, नौकेप्रमाणें वल्हवीत, इंग्लंडकडे आणतात. त्या रात्रीं अण्णा बाईंच्या आधीं हंसले. "परीक्षेच्या निकालापेक्षां मला त्या हंसण्याचा अभिमान अधिक वाटला," असें ते म्हणत.

परंतु सगळेच मंगळवार सारखे नव्हते. त्या कार्यक्रमांत लालकाका आणि बॅनर्जी हीं दोन भारतीय पात्रें येत. त्यांचें इंग्रजी बोलणें हाच विनोद असे. तीं आलीं तेव्हां श्रोते खदखदून हंसले. अण्णा हंसले नाहींत. आतां त्यांस सर्व समजत होतें, हेंच दुःख होतें. बाईंनीं एकदां त्यांच्याकडे पाहिलें व त्याही हंसावयाच्या थांबल्या. त्या रात्रीं कशाचाही उलगडा करावा लागला नाहीं. चहा मात्र झाला.

स्वदेशीं परतल्यावर पुष्कळ वर्षांनीं अण्णांस कळलें कीं, त्या कार्यक्रमाचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९१८ सालीं आमच्याच नगरांत जन्मला होता! त्याचे वडील ब्रिटिश सैन्यांत होते; त्याचें बालपण कांहीं काळ पुण्यास गेलें. महायुद्धांत, १९४४ सालीं, तो इटलींत जखमी झाला. पुढें १९५२ मध्यें लेखनाच्या ओझ्याखालीं त्याचें मन खचून त्यास रुग्णालयांत राहावें लागलें. तरी १९६० पर्यंत त्यानें लोकांस हंसविलें. २००२ सालीं तो वारला. अण्णा बराच वेळ स्तब्ध बसले आणि मग म्हणाले, "ज्याचा विनोद कळावा म्हणून मीं वर्षभर धडपडलों, तो आमच्याच गांवीं जन्मला; आणि आमच्या बोलण्यास हंसविलें तेंही त्यानेंच!"

अण्णांनीं पुढें तीस वर्षें शिक्षकाचें काम केलें. वर्गांत विनोद झाला आणि वाडीवस्तीवरून नुकताच आलेला एखादा मुलगा क्षणभर उशिरा हंसला, तर ते धडा थांबवीत, त्याच्या बांकाजवळ जात आणि तो विनोद पुन्हां समजावून सांगत. कोणी त्याच्या बोलीची टर उडविली, तर मात्र ते मुळींच हंसत नसत; आणि त्यांचा चेहरा पाहून वर्गही हळूहळू गप्प होई.

बालमित्रांनो, तुमच्याही वर्गांत उशिरा हंसणारा एखादा सोबती असेल. त्याच्याकडे एकदां वळून पाहा.