पाचवे शील एकट्याने पाळता येत नाही

प्रत्येक वंदनेला आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीसुद्धा सकाळी विहारात शील घेणारा माणूस संध्याकाळी गुत्त्यावर दिसतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कोण झिंगलेला आहे, हे लहान पोरांनाही कळते. ही वस्तुस्थिती लपवून समाजाचे भले होणार नाही.

वस्तीत ह्यावर दोनच उपाय चालतात: शपथ घालणे आणि शिव्या घालणे. आमच्या वस्तीतल्या एका गवंडी बांधवाने बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर अशी शपथ अनेकदा घेतली. (त्याच्या संमतीने, नावगाव वगळून हे लिहीत आहोत.) लोक म्हणू लागले, ह्याला बाबासाहेबांची लाज नाही. पण त्याची पत्नी आम्हांस म्हणाली, "दादा, शपथ खोटी नसते हो त्यांची. घेताना खरीच घेतात. पण दिवस कलला की हात कापायला लागतात."

हात कापतात तो आजार असतो, बेइमानी नव्हे. आम्ही त्याला प्रथम सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेले. हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, प्राणही जाऊ शकतात. म्हणून आधी डॉक्टर, मग निर्धार. तिथल्याच डॉक्टरांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे 'एए'च्या मीटिंगचा पत्ता दिला. शासनाच्या १४४४६ ह्या निःशुल्क क्रमांकावरही व्यसनमुक्तीसाठी मार्गदर्शन मिळते.

मीटिंग शाळेच्या एका वर्गात होती. त्या दिवशीची मीटिंग 'ओपन', म्हणजे न पिणाऱ्यांसही खुली होती, म्हणून आम्हीही बसलो. मुलांच्या बाकांवर वीसेक माणसे. एकेक जण उठे, नाव सांगे, "मी मद्यपाशी आहे" म्हणे आणि स्वतःची हकीकत सांगे. कोणी मध्ये बोलत नव्हते, कोणी उपदेश करीत नव्हते. आयुष्यभराची शपथ कोणी मागितली नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, उद्याचे उद्या.

आमचे लक्ष आणखी एका गोष्टीने वेधले. इथे माणूस आपले पहिले नाव तेवढे सांगतो. आडनाव कोणी विचारीत नाही. आडनाव ऐकून समोरच्याची नजर कशी बदलते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या बाकावर साहेब आणि गवंडी शेजारी बसले होते आणि दोघांचा आजार एकच होता.

ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली. एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बोलत सावरले. फी नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. खर्च सभासदांच्या वर्गणीतून, बाहेरची देणगी घेत नाहीत.

अडचण पुढे आली. एएच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, ज्याला जसा उमगला तसा देव, अशी मोकळीक असली तरी. शेवटच्या प्रार्थनेला आमचा बांधव गप्प राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "दारू सोडायला मी देव धरू काय? मग दीक्षा कशाची?" प्रश्न रास्त होता. एका जुन्या सभासदाने उत्तर दिले, "दादा, तुम्ही देव धरू नका. आत वीस माणसं बसली होती ना? त्यांनीच मला आजचा दिवस पिऊ दिलं नाही. माझी शक्ती तीच."

हे उत्तर आम्हां बौद्धांस परके नाही. संघाला शरण जाणे ह्याचा अर्थ तरी दुसरा काय? भगवंतांच्या काळापासून भिक्षू उपोसथाला एकत्र जमतात, नियमांचे पठण होते, ज्याच्याकडून दोष घडला तो सांगतो. चूक झाकायची नाही आणि एकट्याने सोसायची नाही, ही रीत आपल्याच घरातली आहे.

मध्यंतरी तो एकदा घसरला. मीटिंगवाले त्याला 'स्लिप' म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर त्याला पुन्हा जागा मिळाली. हिणवले असते तर तो पुन्हा गुत्त्यावर गेला असता.

घरच्यांनाही आधार लागतो. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन'चे गट आहेत. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेले मुक्तांगण रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांसाठीही काम करते. मार खाऊन, पदराने तोंड झाकून घरे चालविणाऱ्या आमच्या भगिनींनी ही दारे ठोठवावीत.

विहार समित्यांना आमची विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराची एक खोली अशा गटाला द्यावी. ते फुकट काही घेत नाहीत, तेव्हा नाममात्र भाडे घ्यावे. आत कोण जाते ह्याची नोंद ठेवू नये, चर्चा करू नये. वंदनेत पाचवे शील आपण सर्व मिळून म्हणतो. ज्याला ते एकट्याने पेलत नाही, त्याच्याजवळ बसणे हेही धम्माचेच काम आहे.