डाव्या पायांतली वहाण

नारायण पेठेंतील आमच्या वाड्याची दिंडी इतकी ठेंगणी आहे, कीं तिच्यांतून आंत शिरणारा मनुष्य कितीही मानी असो, त्यास मान वांकवावीच लागते. आम्हां घरच्या मंडळींस तिची सवय आहे; पाहुणे मात्र कपाळ चोळीत ओसरीवर येतात. कांहीं वर्षांपूर्वीं अनंत चतुर्दशीच्या दिवशीं मिरवणूक पाहण्याच्या घाईंत आमचे तीर्थरूप तात्या, ज्यांनीं त्या दिंडींतून अठ्ठ्याहत्तर वर्षें ये-जा केली होती, तेच चौकटीवर आपटले. रक्त आलें नाहीं. टेंगूळ आलें, त्यावर आईनें हळद लावली, आणि लक्ष्मी रस्त्यावरून परत येईपर्यंत त्या गोष्टीचा सर्वांसच विसर पडला.

कोजागिरीच्या सुमारास तात्यांच्या वागण्यांत फरक दिसूं लागला. वर्तमानपत्राचें एकच पान ते तासभर समोर धरून बसत. डोकें जड आहे, असें म्हणत व भर सकाळीं झोपत. ज्यांचा दुधाचा हिशेब आजवर एका पैशानें चुकला नव्हता, ते एका आठवड्यांत तीनदां चुकले. एके दिवशीं तर पत्र्या मारुतीच्या दर्शनाहून ते उजव्या पायांतील वहाणेनिशीं व डाव्या अनवाणी पायानें घरीं आले. रस्त्यांत वहाण गळून पडली, हें त्यांस कळलेंच नव्हतें! साठी बुद्धि नाठी, असें म्हणून शेजारी हंसले, आणि सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही त्यांस चारचौघांत बोललों: "तात्या, पायांतली वहाण पडते आणि तुम्हांला समजतही नाहीं?" त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. खालीं पायाकडे मात्र बराच वेळ पाहत राहिले.

वसुबारसेस आमचे घरचे डॉक्टर सहज आले होते. त्यांनीं तात्यांस डोळे मिटून दोन्ही हात, तीर्थ घ्यावयाचें असल्याप्रमाणें तळवे वर करून, समोर धरावयास सांगितलें. क्षणभर दोन्ही हात समान होते. मग डावा तळवा हळूहळू आंत वळला व हात खालीं उतरूं लागला. "हात सारखे आहेत ना, तात्या?" असें डॉक्टरांनीं विचारलें. "अगदीं सारखे," तात्या म्हणाले. ओसरीवर कोणीच बोलेना. "गेल्या दोन महिन्यांत डोक्यास मार लागला होता काय?" या प्रश्नावर आम्हीं नाहीं म्हणून मान हलविली. आठवण झाली ती आईस.

त्याच रात्रीं सी. टी. स्कॅन निघाला. कवटी व मेंदू यांच्या मध्यें उजवीकडे चंद्रकोरीसारखी करडी छाया होती, आणि तिच्या दाबानें मेंदूची मध्यरेषा डावीकडे सरकली होती. उजवा मेंदू डाव्या अंगाचा धनी, हें शाळेंत आम्हीही घोकलें होतें!

विद्यार्थिमित्रांनीं मेंदूचें चित्र पाहिलें असेलच. उतारवयांत मेंदू किंचित् आकसतो, आणि त्याच्या पृष्ठभागावरून वरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. मग दिंडीचा एक ठोसाही एखादी शीर तुटण्यास पुरतो. त्यांतून तात्यांस हृदयविकारासाठीं रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. सांचलेल्या रक्ताभोंवतीं शरीर पातळ पापुद्रा धरतें, त्या पापुद्र्यांतील नव्या नाजूक वाहिन्या पुन्हां झिरपतात, आणि सांठा आठवड्यांमागून आठवडे वाढत जातो. म्हणून मार भाद्रपदांत व दुखणें आश्विनांत. १८५७ सालीं विर्को या जर्मन पंडितानें हा आवरणाचा दाह मानला होता. दुखापतीनें तुटलेल्या शिरा हें त्याचें मूळ आहे, असें १९१४ सालीं विल्फ्रेड ट्रॉटर यांनीं प्रतिपादिलें.

शस्त्रक्रिया भीति वाटावी तेवढी मोठी नव्हती. भूल त्या जागेपुरतीच दिली होती. कवटीस लहान नाण्याएवढीं दोन भोकें पाडून आवरण उघडतांच इंजिनांतील जुन्या तेलासारखें काळपट द्रव्य जोरानें बाहेर आलें. मग कोमट क्षारजलानें जागा धुऊन दोन दिवसांकरितां निचऱ्याची नळी ठेवली. ही नळी क्षुल्लक दिसते, पण केंब्रिज येथील डॉक्टरांनीं २००९ सालीं तिचा हिशेब प्रसिद्ध केला आहे: नळी ठेवलेल्या १०८ रोग्यांपैकीं १० जणांचें रक्त पुन्हां सांचलें, न ठेवलेल्या १०७ जणांपैकीं २६ जणांचें. तात्यांस गिरणीसारखी घरघर ऐकूं येत होती, म्हणे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं डावा हात वर करून आम्हांस जवळ बोलाविलें आणि विचारलें, "दुधाचा हिशेब कोण पाहतो आहे?"

रुग्णालयाच्या बांकावर बसून आम्हांस आजोबा आठवले. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ रोजीं आला. त्यानंतर दोन वर्षांनीं, म्हातारचळ लागून, पुढें झोपेंतच ते गेले, असें घरांत सांगतात. मज्जाशस्त्रक्रियेचा आपल्या देशांतील पहिला विभाग डॉ. जेकब चंडी यांनीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९४९ सालींच उघडला होता, आणि मुंबईंत डॉ. राम गिंडे हें काम करीत होते. परंतु डोक्याच्या आंतील छाया दाखविणाऱ्या सी. टी. यंत्रानें पहिला रोगी लंडन येथें पाहिला तो १९७१ सालीं. आजोबांसही त्याच दिंडीचा प्रसाद मिळाला होता कीं काय, हें सांगणारें आतां कोणी उरलें नाहीं. प्रत्येक वृद्धाचा विसराळूपणा असा धुऊन निघत नाहीं, हें शस्त्रवैद्यांनीं आम्हांस दोनदां बजाविलें होतें; तरीही तो विचार मनांतून जात नाहीं.

मार्गशीर्षांत तात्या प्रथमच पत्र्या मारुतीस निघाले. पिशवींत उजव्या पायाची वहाण घेतली होती. देवळाजवळच्या फुलवाल्या बाईंनीं जोडीची डावी वहाण फळीखालीं जपून ठेवली होती. "तुमचीच ना, तात्या?" असें म्हणून त्यांनीं ती पुढें केली. तात्यांनीं दोन्ही तेथेंच पायांत घातल्या, अंगठा दोनदां हलवून पाहिला, आणि आमचा हात न धरतां घरापर्यंत चालत आले. दिंडीपाशीं ते थांबले. चौकटीवर एक चापट मारून, नेहमींपेक्षां जरा अधिकच वांकून, आंत शिरले.