एकाच घराची दोन दारं

कारकुनाला गाण्यातलं काय कळणार, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण एखादी गोष्ट 'नामंजूर' कशी होते, ते मला चांगलं कळतं. म्हणूनच 'विल्को' या अमेरिकन बँडच्या 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' या अल्बमची गोष्ट मला जवळची वाटते.

विल्को शिकागोचा. 'अंकल ट्युपेलो' हा बँड फुटल्यावर १९९४ साली जेफ ट्वीडीने तो उभा केला. या मंडळींच्या संगीताला ऑल्टरनेटिव्ह कंट्री म्हणतात. म्हणजे गाण्याचा सांगाडा अमेरिकेतल्या गावाकडचा, पण अंगात रॉकचा खडबडीतपणा. २००१ साली तयार झालेल्या या अल्बममध्ये तर साध्या, गुणगुणता येणाऱ्या चालींवर रेडिओची खरखर आणि यंत्रांचे चमत्कारिक आवाज पसरले होते. रिप्रीज या रेकॉर्ड कंपनीने तो ऐकला आणि नाकारला. हा खपणार नाही, असं त्यांना वाटलं. बँड कंपनीतून बाहेर पडला, अल्बम मात्र सोबत घेऊन. त्याच सुमारास जे बेनेट हा महत्त्वाचा वादकही बँडपासून दूर झाला. सप्टेंबर २००१मध्ये त्यांनी सगळी गाणी इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवली.

एप्रिल २००२मध्ये नॉनसच कंपनीने तो अल्बम बाजारात आणला. आता गंमत बघा. रिप्रीज आणि नॉनसच, दोन्ही एकाच टाइम वॉर्नरच्या कंपन्या! एका टेबलावरून परत गेलेली फाईल त्याच इमारतीतल्या दुसऱ्या टेबलावर मंजूर झाली. अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट १३व्या क्रमांकावर आला. पिचफोर्कने १०पैकी १० गुण दिले. 'व्हिलेज व्हॉइस'च्या समीक्षकांच्या वार्षिक मतदानात तो पहिला आला. अमेरिकेत पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या कौतुकात त्या नकाराचा वाटा किती? बराच असावा, असं मला वाटतं. 'कंपनीने हाकललेला अल्बम' म्हटल्यावर समीक्षकाचाही कान टवकारतो. पण नुसत्या हकिगतीवर गाणी वीस-बावीस वर्षं टिकत नाहीत.

हा अल्बम मला भाच्याने ऐकवला होता, काही वर्षांपूर्वीच्या चवथीत. त्याच दिवशी त्याने स्वतः केलेलं एक रेकॉर्डिंगही लावलं. घुमट, शामेळ, आमच्या वाड्यावरची आरती आणि मधूनच पाऊस, मोटरसायकल, कसलीतरी घरघर. "मामा, कसं वाटलं?" त्याने विचारलं. मी ऑफिसातल्या सवयीने शेरा मारला, "आरती बरी आहे रे, पण तो गोंगाट काढून टाक."

तो हसला. पुन्हा त्याने मला काही ऐकवलं नाही.

विल्कोची गाणी मी पुढे दहा-बारा वेळा ऐकली, तेव्हा कळलं की ती खरखर म्हणजे वरून सांडलेला कचरा नव्हे. दूर गेलेल्या माणसाचा आवाज असाच तुटत तुटत पोचतो. भाच्याच्या आरतीतला पाऊसही तसाच असेल. त्याला तेव्हा घराबाहेर जायचं होतं, आणि घराचा आवाज सोबत न्यायचा होता.

विल्कोला त्याच घराचं दुसरं दार मिळालं, म्हणून त्यांची गोष्ट आपण सांगतो. माझ्या भाच्याला त्या दिवशी एकच दार होतं, आणि त्या दारात मी उभा होतो.

यंदा चवथीला तो आला की ते रेकॉर्डिंग मागून घेणार आहे. असलं तर.